कोर्टाची पायरी : ‘फाशी झाली’ म्हणजे काय झालं?

गेल्या अंकात साक्षीदार का फुटतात ते लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले : ‘सरकारी वकील असताना मी एकदा फाशी मागितली आणि मिळवली; आज मागणार नाही.’ त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. तेव्हा या वेळी बांध, वाटण्या आणि न वटलेले चेक बाजूला. सातबारावाल्यांनी रागावू नये, पुढच्या महिन्यात तुमचाच नंबर.

प्रश्न : बाई, आमच्या भावकीतल्या एका लहान मुलीवर अत्याचार करून तिला मारून टाकलं, त्याला चार वर्षं झाली. गावाने मूकमोर्चा काढला, आठवडी बाजार बंद ठेवला. सेशन कोर्टात त्या नराधमाला फाशी झाली. मुलीचा बाप, म्हणजे माझा चुलत भाऊ, रोज एकच विचारतो : फाशी झाली ना, मग देत का नाहीत? काय सांगू त्याला? (गावाचं नाव छापू नये.)

उत्तर : दादा, पहिला घोटाळा आपल्या मराठीनेच करून ठेवलाय. निकाल लागला की आपण म्हणतो फाशी झाली. खटका ओढला की तेव्हाही म्हणतो फाशी झाली. या दोन ‘झाली’च्या मध्ये किती वर्षं असतात ते निकालाच्या दिवशी कोणी घरच्यांना सांगत नाही. मीही कधी सांगितलं नाही.

सेशन जज्जांनी लिहिलेली फाशी कच्ची असते. हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती देताच येत नाही. आरोपी अपिलात गेला नाही तरी सगळे कागद मुंबईला, नागपूरला, संभाजीनगरला किंवा आता कोल्हापूरलाही जातात आणि दोन न्यायमूर्ती पहिल्या जबाबापासून सगळं वाचतात. आम्ही त्याला ‘कन्फर्मेशन’ म्हणतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३६६ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ४०७. तिथे कायम झाली तर सुप्रीम कोर्ट, तीन न्यायमूर्ती. तिथेही कायम झाली तर फेरविचार अर्ज, आणि २०१४ पासून तो बंद खोलीत नाही, उघड्या कोर्टात ऐकावा लागतो. मग राज्यपाल, मग राष्ट्रपती. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला कळवल्यावर मध्ये किमान १४ दिवस जावे लागतात. तुमच्या भावाचं प्रकरण बहुधा यातल्या पहिल्याच पायरीवर आहे.

किती दिवस? मी पुण्यात लॉ कॉलेजला होते तेव्हा जोशी-अभ्यंकर खून झाले. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा माणसं. संध्याकाळी सातनंतर पेठांमध्ये कुत्रं रस्त्यावर दिसत नसे, आमच्या वसतिगृहाचं फाटक दिवेलागणीला बंद व्हायचं. १९७८ मध्ये सेशन कोर्टाने चौघांना फाशी दिली आणि ते येरवड्यात लटकले २७ नोव्हेंबर १९८३ ला. पाच वर्षं. आजच्या मानाने हे वेगवानच म्हणायचं. कसाबला गुन्ह्यापासून चार वर्षांच्या आत, पण तो खटला वेगळा आणि त्यामागे लागलेलं बळही वेगळं.

आता कोल्हापूरचं बघा. लहान मुलं पळवून मारणाऱ्या दोघी बहिणी १९९६ मध्ये पकडल्या गेल्या. २००१ मध्ये सेशनने फाशी दिली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली. दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला. १८ जानेवारी २०२२ ला मुंबई हायकोर्टाने ती फाशी रद्द करून जन्मठेप केली. कारण? दयेच्या अर्जावर सात वर्षं, दहा महिने आणि पंधरा दिवस सरकारी टेबलांवर गेले. बहिणी निर्दोष ठरल्या नाहीत. फाइल हलली नाही, एवढंच. ज्यांची लेकरं गेली त्यांनी २००१ मध्ये ऐकलं ‘फाशी झाली’ आणि २०२२ मध्ये ऐकलं ‘फाशी गेली’.

म्हणून भावाला सांगा, तारीख कोणी देऊ शकत नाही, आणि जो देतो तो निवडणुकीला उभा आहे. कन्फर्मेशन केसचा नंबर मात्र मिळवा. जिल्हा कोर्टातला सरकारी वकील आता फोन उचलणार नाही, कारण त्याच्याकडून फाइल गेली. हायकोर्टातल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाला लेखी विचारा. आणि दुसरं, ज्याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही : अत्याचार झालेल्यांसाठी सरकारची ‘मनोधैर्य’ योजना आहे, तिचे पैसे मिळाले का? नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे फी लागत नाही, वकीलही फुकट मिळतो. मुलीच्या आईला कोणी समुपदेशकाकडे नेलं का? मोर्चा निघाला, बाजार बंद राहिला ते तुम्ही कळवलंत. ती बाई जेवते का, तेही बघा.

प्रश्न : अशा लोकांना आमच्या करातून बिर्याणी खाऊ घालायची कशाला? जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, पुढे मोकळा.

उत्तर : बिर्याणीचं एकदा मनातून काढून टाका. तुरुंगातली आमटी मी पाहिली आहे. जन्मठेपेचा बंदी काम करतो. सुतारकाम, शिवण, शेती. आमच्या कोर्टातल्या निम्म्या खुर्च्या येरवड्याच्या बंद्यांनी केलेल्या होत्या, जज्जसाहेबांची धरून. काम देत नाहीत ते उलट फाशीच्या बंद्याला. तो वेगळ्या यार्डात वर्षानुवर्षं नुसता बसून असतो, पहारा दुप्पट.

आणि चौदा वर्षांची गोष्ट अर्धवट आहे. कायद्यात जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेपेच्या बंद्याला सरकार चौदा वर्षांच्या आधी सोडू शकत नाही, एवढंच ते कलम म्हणतं. चौदाव्या वर्षी सोडलंच पाहिजे असं कुठेही नाही. शिवाय २००८ पासून सुप्रीम कोर्टाने मधली वाट काढली आहे : वीस, पंचवीस, तीस वर्षं कुठलीही सूट नाही, किंवा शेवटच्या श्वासापर्यंत नाही. २०१५ मध्ये घटनापीठाने ती वाट मान्य केली. खैरलांजीच्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडात भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी दिली होती, नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये ती पंचवीस वर्षं केली. पुण्यात कॉल सेंटरला जाणाऱ्या मुलीला २००७ मध्ये गाडीच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या मित्राने मारलं, त्या दोघांची फाशी पुन्हा दिरंगाईपायी गेली आणि पस्तीस वर्षं झाली. पस्तीस. हिशेब करा, पंचविशीतला पोरगा साठीला बाहेर येतो.

प्रश्न : मॅडम, तुम्ही स्वतः फाशी मागितली होती. मग आता मत का बदललं? निवृत्त झालं की सगळ्यांनाच दया सुचते.

उत्तर : टोमणा पोचला. पण दयेचा यात फारसा संबंध नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. ऊसतोडीचा हंगाम. टोळीतल्या एका मजुराने मुकादमाची दोन लहान मुलं कोयत्याने मारली. उचलीच्या पैशांवरून भांडण होतं, एवढं दोषारोपपत्रात होतं. कोयता सापडला, कपड्यांवर रक्त सापडलं, टोळीतल्या दोघांनी जबाब दिले आणि नवल म्हणजे ते फुटले नाहीत. मी तयारी करून गेले होते. लेकरं निष्पाप, असहाय, गुन्हा थंड डोक्याचा, ‘दुर्मिळातला दुर्मिळ’. फाशी फक्त अशाच गुन्ह्याला, असं सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालातला तो शब्दप्रयोग तेव्हा प्रत्येक सरकारी वकिलाच्या तोंडात असायचा. त्याच निकालातला पुढचा भाग, की गुन्हा किती भयंकर एवढंच न बघता माणूस कोण आहे आणि तो सुधारण्याची शक्यता खरंच संपली आहे का तेही बघा, तो आम्ही वाचलेला असे, पण म्हणत नसू.

आरोपीचा वकील विधी सेवेच्या यादीतला पोरगा होता. पहिलीच सेशन केस. कागद त्याला साक्षी सुरू व्हायच्या चार दिवस आधी मिळाले. साडेअकराला जज्जसाहेबांनी दोषी ठरवलं आणि त्याच दमात आरोपीला विचारलं, शिक्षेबाबत काही म्हणायचं आहे का? तो काहीतरी पुटपुटला. स्टेनोने टाइप केलं : ‘आरोपी म्हणतो की त्याला म्हातारी आई आहे. दया दाखवावी.’ दीड ओळ. मी उभी राहून वीस मिनिटं बोलले. जेवणाच्या सुट्टीआधी फाशी झाली, म्हणजे पहिली ‘झाली’.

संध्याकाळी मुकादम ऑफिसात आला. पेढ्यांचा पुडा होता. माझ्या हातावर पेढा ठेवताना त्याचा हात थरथरत होता. मी तो पेढा खाल्ला.

सव्वादोन वर्षांनी हायकोर्टाचा निकाल आला. जन्मठेप. मी तो निकाल रागाने वाचायला घेतला. तिथे एका वकिलाने कष्ट घेऊन माहिती काढली होती. त्याच हंगामात, खुनाच्या तीन आठवडे आधी, त्या मजुराचं आठ महिन्यांचं पोर कोपीत तापाने गेलं होतं. दवाखान्यासाठी त्याने मुकादमाकडे पैसे मागितले होते, ते मिळाले नव्हते. नसतील मिळाले. मुकादमही कारखान्याच्या उचलीत बुडालेला असतो, ते मला माहीत आहे. मी हे माफीसाठी सांगत नाही. दोन लेकरांवर कोयता चालवण्याला माफी नसते. मी एवढंच सांगते की मेलेल्या मुलांच्या खटल्यात एक तिसरं मेलेलं मूल होतं आणि फाशी मागताना मला ते ठाऊकच नव्हतं. तपास अधिकाऱ्याने लिहिलं नव्हतं, बचावाच्या वकिलाने विचारलं नव्हतं, मी शोधलं नव्हतं. आणि आरोपी स्वतः? त्याला वाटलं असेल, कोर्टात आईबद्दलच बोलायचं असतं.

मुकादम परत आला. दारातच उभा राहिला. ‘बाई, आपण हरलो का?’ मला उत्तर देता आलं नाही.

तुम्ही म्हणाल, तो गुन्हेगार तर होताच. होता. मग नाशिकजवळचा खटला ऐका. जून २००३, शेतातल्या झोपडीवर दरोडा, बलात्कार, पाच खून. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. २००६ मध्ये सेशनने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तिघांचीही पुन्हा फाशी केली. म्हणजे सर्वोच्च पायरीवर सहाच्या सहा. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईंनी घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोंमधून चार जण ओळखले होते. ते चौघे वेगळेच होते, आणि त्यांच्यावर खटलाच चालला नाही. तो कागद सगळी वर्षं रेकॉर्डमध्येच होता. सोळा वर्षं गेल्यावर माणशी पाच लाख भरपाई. सहापैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. दयेच्या अर्जाची फाइल या खटल्यात जोशी-अभ्यंकर प्रकरणाच्या वेगाने पळाली असती, तर २०१९ मध्ये सोडायला कोण उरलं असतं?

पुण्याचं आणखी एक. १९९४, कोथरूड, एका घरातले सात खून. एका आरोपीचं वय कागदावर विशीच्या पुढचं लिहिलेलं. १९९८ मध्ये फाशी सुनावली. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर खरं आहे आणि गुन्ह्याच्या दिवशी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. कोर्टातलं नाव वेगळं, रजिस्टरातलं वेगळं. अठ्ठावीस वर्षांनी सुटला. गुन्ह्यात तो नव्हता असं कोणी म्हणालं नाही. पण सातवीच्या वयात केलेल्या गुन्ह्यासाठी आपण एका मुलाला फाशीच्या यार्डात ठेवलं, आणि हे एका रजिस्टराच्या पानाने कळलं.

मी तीस वर्षं कागद तयार होताना पाहिलेत. पंच कसे आणतात, वय कसं अंदाजे लिहितात, ओळख परेडीला कोणाला उभं करतात, चहाच्या टपरीवर बसून पंचनामा कसा पुरा होतो. सगळे खोटे नसतात. घाईचे असतात, आळसाचे असतात, आणि मोर्चा निघाला की जास्तच घाईचे. त्या कागदावर मी कोणाला दहा वर्षं आत पाठवीन, पंचवीस पाठवीन. चूक निघाली तर निदान दार उघडता येतं. माझं मत एवढंच आहे. त्यात गांधीबिंधी नाहीत.

हो, एक राहिलं. दोषी ठरवल्याच्याच दिवशी शिक्षा सुनावणं कितपत न्याय्य, हा प्रश्न सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने घटनापीठाकडे पाठवला. ते वाचलं तेव्हा मला ती दीड ओळ आठवली.

प्रश्न : मी अकरावीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत ‘फाशी हवीच’ ही बाजू आली आहे. मुद्दे द्याल का? आणि घटनेतच फाशी आहे ना, मग बाबासाहेबांना ती मान्य होती असं म्हटलं तर चालेल?

उत्तर : दुसरं चालणार नाही बाळा, परीक्षकांत कोणी वाचणारा असला तर पंचाईत होईल. ३ जून १९४९ ला घटना समितीत फाशीच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टात अपिलाचा हक्क असावा का यावर चर्चा चालली होती, तेव्हा बाबासाहेब म्हणाले होते की त्यापेक्षा फाशी रद्द करण्यालाच माझा पाठिंबा राहील. अहिंसा मानणाऱ्या देशाला तेच शोभेल, अशा अर्थाचं. घटनेत दयेच्या अर्जाची तरतूद आहे, कलम ७२ आणि १६१. ‘फाशी द्या’ असं कलम नाही.

तुझ्या बाजूचा खरा मुद्दा देते. ‘धाक बसतो’ म्हणू नकोस. या शतकात २०२० पर्यंत देशात प्रत्यक्ष आठ माणसं फासावर गेली, शेवटची चार मार्च २०२० मध्ये दिल्लीत. यार्डात पाचशेहून जास्त बसलेत. यातून कोणाला धाक बसायचा? त्यापेक्षा म्हण की काही गुन्ह्यांना समाजाने एकच शब्द वापरला पाहिजे, त्याहून कमी शब्द वापरणं हा मेलेल्याचा अपमान आहे. हा मुद्दा जड आहे. मी वीस मिनिटं तोच मांडला होता.

आणि रामशास्त्री आणशीलच, सगळे आणतात. नारायणरावाच्या खुनाला देहान्त प्रायश्चित्त! आण, टाळ्या पडतात. प्रतिपक्षाने मात्र विचारलं की राघोबाला ते दिलं का, तर गप्प बसावं लागेल. दिलं नाही. राघोबा पुढे बरीच वर्षं जगला, शास्त्रीबुवा नोकरी सोडून गेले. तरी १७७३ चा तो शब्द आपण अजून विसरलेलो नाही. याचं काय करायचं ते तू ठरव, ते दोन्ही बाजूंनी वापरता येतं.

प्रश्न : फाशीचा निकाल लिहिल्यावर जज्ज पेनाची निब मोडतात हे खरं का?

उत्तर : काही मोडतात. कायद्यात तसं काही नाही, रिवाज आहे. माझ्या त्या खटल्यात गंमत झाली. जज्जसाहेब बॉलपेनने लिहिणारे. सही करायच्या आधी त्यांनी शिरस्तेदारांकडे निबचं पेन मागितलं, ते कोणाकडेच निघेना. शेवटी शिपाई कोर्टासमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून घेऊन आला, मला वाटतं बारा-पंधरा रुपयांचं. तोवर सगळं कोर्ट गप्प, आरोपी उभाच. साहेबांनी सही केली, निब टेबलावर दाबली. एकदा नाही मोडली, दुसऱ्यांदा मोडली.

पेनाचं काय करायचं ते कोणाला माहीत नव्हतं. शिरस्तेदारांनी खणात टाकलं. हायकोर्टाचा निकाल आला त्या आठवड्यात मी त्यांच्या टेबलाशी उभी होते, ते तारखांची वही त्याच पेनने लिहीत होते. म्हटलं, हे ते का? म्हणाले, ‘होय बाई, दीड रुपयात नवी निब बसली.’